धाकटीचे ससे

माझी धाकटी जाऊ कोणाला उलटून बोलत नाही, कोणाशी भांडत नाही आणि स्वतःची बढाईही मारत नाही. अशा माणसाचं करायचं तरी काय? हातात धरायला काही सापडत नाही आणि पोटात दुखायचं तेवढं दुखतंच.

आमच्या सशांच्या दोन शेड पाठीला पाठ लावून आहेत, मधे एकच भिंत. मी हा धंदा सुरू केला तेव्हा ती या घरात आलीही नव्हती. नऊ वर्षं मी पिंजरे घासतेय, घास कापतेय, विण्याच्या पेट्या उन्हात टाकतेय. माझे ससे साधे पांढऱ्या जातीचे, बारा आठवड्यांत विकायला तयार होतात. ही बाई आली, चार दिवस माझ्यामागून हिंडून शिकली, आणि हिचे ससे दहा आठवड्यांत दोन किलो! संकरित. पांढरं अंग, नाका-कानांवर पुसट धुरकट रंग, आणि सगळे एका मापाचे.

खाटीक दर आठवड्याला न्यायला यायचा. माझे ससे तो मुकाट्यानं टोपलीत भरायचा. तिचा ससा हातात घेतला की कमरेवर अंगठा दाबून म्हणायचा, "वा! याला म्हणायचं माल!" मी भिंतीपलीकडून ऐकायचे. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मग घरात येऊन भांडी आपटायचे.

आमचे हे म्हणायचे, "लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्यावर कधी एवढं लक्ष ठेवलं नाहीस."

मागच्या वर्षी खाटकानं सांगितलं, की तो दुसरं दुकान काढतोय. ते सुरू झालं की महिन्याला तीस ससे घेणार, पण एकाच शेडमधून. "आणि मला सगळे सारखे लागतात, वहिनी. नाहीतर गिऱ्हाईक शेजारच्याच्या पिशवीतली मांडी बघतं आणि माझ्याशी वाद घालतं." दुकानाला अजून वर्ष होतं. ते तीस ससे माझ्याच शेडमधून जायला हवेत, असं मी त्याच दिवशी ठरवलं. त्यानं वाहवा करायची ती माझ्या दारात, आणि ऐकायची तिनं.

सरळ तिला विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे मान खाली घालायची, आणि ती मी कालच्या पोरीपुढे घालणार नव्हते. त्यापेक्षा खाटकालाच गळ घातली. धाकटीच्या पुढच्या खेपेतला एक दणकट नर आणि सहा माद्या मारू नकोस, जिवंत मला आणून दे आणि कुठे बोलू नकोस.

तो पोट धरून हसला. "दहा पावलांवरचे ससे माझ्या गाडीतून गावभर फिरवून आणताय होय!" पण आणले.

जागा करायला मी माझ्या जुन्या माद्या सगळ्या काढल्या, चांगल्या पंधरा. त्याच गाडीत घातल्या. नव्यांपुढे त्या मला अगदी भिकार दिसत होत्या.

दुसऱ्याच दिवशी धाकटी आली. पिंजऱ्यांकडे बघून थबकली. "ताई, हे ससे पैदाशीला ठेवलेत का? कारण हे..."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. "तू शाळेत होतीस तेव्हापासून ससे पाळतेय."

ती 'बरं, ताई' म्हणाली आणि आपल्या शेडकडे वळली. तिचं नेहमी असंच.

पाच महिन्यांनी जोड लावले, महिन्याभरात माद्या व्याल्या. पिल्लं डोळे मिटून पडली होती तोवर मी हवेत होते. सहाव्या आठवड्यात रंग दिसायला लागला. एकाच पेटीतलं एक पिल्लू बोक्याएवढं, त्याचा भाऊ मुठीत मावणारा. कोणाचे कान काळेकुट्ट, कोणाचे पांढरे. दहा आठवड्यांनी खाटीक आला, एकदा इकडून, एकदा तिकडून बघितलं, आणि म्हणाला, "वहिनी, ही काय वरात आहे का?" मग भिंतीपलीकडे गेला आणि तीस सशांचं तिच्याशी पक्कं करून आला. मी पिंजऱ्याआड उभी राहून रडले. रागानं, दुःखानं नव्हे.

संध्याकाळी धाकटी आली. "संकराची पिल्लं पैदाशीला ठेवत नाहीत, ताई. ती फक्त विकायची. पुढची वीण अशीच लहानमोठी निघते. दर वेळी आई एका जातीची आणि बाप दुसऱ्या जातीचा, असा नवा जोड लावावा लागतो."

"मग तुझ्या सशांचा बाप कुठला?" मी चिडून विचारलं.

"बाप माहेरचा, काळ्या कानांचा. आया तुमच्याच." ती सहज म्हणाली. "मी आले तेव्हा तुम्ही दिलेल्या त्या दोन गाभण माद्यांच्या लेकी. त्यांच्यासारखं दूध कोणाला नाही, खाटकालाही मी हेच सांगते. आता तीस पुरवायचे तर तुमच्याकडून आणखी चार मागायला आले."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या दोघी मी तिला का दिल्या होत्या, ते मलाच ठाऊक. लाथा मारायच्या, पिंजरा झाडू द्यायच्या नाहीत. मुद्दाम वाईटातल्या वाईट निवडून दिल्या होत्या.

"नाहीत," मी म्हटलं. "विकल्या."

"सगळ्या?"

मी मान डोलावली. ती पाठ फिरवून तडक गेली. चला, एकदाची रागावली, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

पाच मिनिटांत परत आली. दोन्ही हातांत एकेक पांढरी मादी, दोन्ही गाभण. तिच्याकडच्या आठ माद्यांतल्या सगळ्यात चांगल्या दोन. मी ओळखणार नाही असं थोडंच आहे?

"तुमचाच वाण आहे, ताई. दोघी मिळून तीस पुरे करू."

तिच्या सशांवर मी तीन वर्षं जळले, पण एवढी कधीच जळले नव्हते. देताना तिचा हात जराही आखडला नव्हता. मी माद्या घेतल्या, पिंजऱ्यात सोडल्या, आणि तिला चहा घेऊन जा म्हणायचंही मला सुचलं नाही.