कुसाबाईचं खवल्या मांजर

देवळाच्या दगडात कोरलेला शरभ बघितला की लोक म्हणतात, काय एकेक डोकी होती हो त्या कारागिरांची, नसलेलं जनावर घडवून ठेवलं! हरसूलच्या अलीकडच्या पाड्यावर राहणाऱ्या कुसाबाईला त्या शरभाचं काडीचं कौतुक नव्हतं. तिच्या शेताच्या बांधाला खवल्या मांजर राहत होतं. नावाला मांजर, पण मांजराशी त्याचं नातं नाही न् गोतं नाही. अंगभर कौलांसारखी खवलं, एकावर एक बसवलेली. तोंडात औषधालाही दात नाही. जीभ मात्र वीतभराहून लांब न् चिकट, वारुळात सारायची आणि मुंग्या ओढायच्या. पोर झालं की त्याला शेपटीच्या बुडावर बसवून हिंडतं. आणि भ्यालं की असं गोल होऊन बसतं, की वाघानं जबडा झिजवला तरी उकलायचं नाही. आता सांगा, शरभ याच्याहून वेगळा तो काय असणार?

पण कुसाबाईच्या लेखी ते नुसतं जनावरही नव्हतं. तो तिचा नवरा होता.

हसू नका. आधी ऐका. तिच्या नवऱ्यानं, धोंडीरामनं, सगळा जन्म लोकांच्या घरांवर कौलं शाकारण्यात घालवला. मिरगाच्या आधी महिनाभर माणूस जमिनीवर दिसायचा नाही, या घरावरून त्या घरावर. पुढं पत्रे आले, स्लॅब आले, कौलं गेली, आणि धोंडीराम पाठीत वाकून, हात छातीशी धरून ओट्यावर उभा राहायला लागला. कमी बोलायचा. कुसाबाई दोघांचं बोलायची. पौषात तो गेला. कसला आजार नाही, दुखणं नाही, सकाळी चहाला हाक मारली तर ओ नाही.

त्यांच्याकडची रीत अशी, की माणसानं जिथं जीव सोडला तिथं तांदळाचं पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा, वर टोपली पालथी घालायची आणि सकाळी बघायचं. पिठावर ज्याची पावलं, त्या जन्माला माणूस गेला. कुसाबाईनं हे सगळं केलं. सकाळी टोपली पार कोपऱ्यात लोळत होती आणि पिठात लांब नख्यांचे ठसे, मधून ओढल्यासारखी रुंद रेघ. पाड्यावरची शहाणी मंडळी जमली. एक म्हणाला मोर, दुसरा म्हणाला घोरपड. कुसाबाई लहानपणापासून रानात हिंडलेली, तिनं खवल्याचं शेपूट ओळखलं होतं. पण त्याच्या खवलांना चोरबाजारात लाखांचा भाव, खवल्या म्हटलं की काही लोकांची नजर फिरते, म्हणून तिनं तोंड मिटून घेतलं.

आता कोणी म्हणेल, मागच्या कुडाला वाळवी लागली होती, ती खायला जनावर आत शिरलं असेल. असेल हो! पण जन्मभर नाही आलं ते नेमकं त्याच दिवशी यावं?

चार दिवसांनी तिला बांधाखाली बीळ सापडलं. खवल्या आत गेला की आतून माती लोटून दार लावून घेतो. तेही तिला ओळखीचं वाटलं; धोंडीरामलाही दाराची कडी दोनदा बघितल्याशिवाय झोप यायची नाही. मग तिचा नेमच झाला. दिवस मावळायच्या आत बिळाच्या तोंडाशी मूठभर पीठ भुरभुरायचं आणि सकाळी जाऊन वाचायचं. बाहेर जाणारी पावलं, आत येणारी पावलं. "आज लय उशिरा आले वाटतं," असं म्हणत ती तिथंच बसायची आणि पाड्यावरच्या चार गोष्टी बिळाला सांगायची. एकदा भल्या पहाटे तिनं त्याला डोळ्यांनी पाहिलं. मागच्या पायांवर उभा राहून, हात छातीशी धरून तो वास घेत होता. झालं! आता तिला साऱ्या जगानं येऊन समजावलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

हे तिनं एकालाच सांगितलं, मुलाला. हर्षल नाशिकला, सातपूरच्या कंपनीत होता. दिवाळीला यायचा, एक दिवस राहायचा, मोबाईलला रेंज नाही म्हणून कुरकुरायचा आणि निघून जायचा. पण बाप कुठं आहे हे पोराला नको सांगायला? महिन्याच्या विधीला तो आला, तेव्हा तिनं त्याला हाताला धरून बांधावर नेलं. आधी तो हसला. मग पिठावरचे ठसे निरखून बघितले. खाली बसला, हात जोडले. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं हो त्याच्या! कुसाबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला वाटलं, बाप मेल्यावर का होईना, पोरगं घराकडं वळलं.

आणि वळलंच की. जो मुलगा महिना महिना फोन करत नव्हता, तो रोज सकाळी करायला लागला.

"आई, आहेत का बाबा घरात?"

"हायेत. पहाटंच आले. दार बी लावून घेतलं."

"पीठ रोज टाकतेस ना? विसरू नकोस."

"इसरंल कशी रं?"

फोन ठेवला की तिला दिवसभर भूक चांगली लागायची. भेटेल त्याला सांगायची, माझा हर्षल रोज चौकशी करतो. कोणाची, ते मात्र सांगायची नाही.

फाल्गुनातल्या एका सकाळी तिनं असंच सांगितलं, की आत गेलेत ते कालपासून बाहेर पडलेच नाहीत. हर्षल म्हणाला, "बरं, मग आज तू नाशिकला ये. राखीला बरं नाही." राखी म्हणजे सून. कुसाबाईनं नागलीच्या भाकरी बांधल्या न् दुपारची एसटी धरली. सातपूरला पोचली, तर राखी धडधाकट, टीव्हीपुढं भाजी निवडत बसलेली. "मला काय झालंय, आई?" म्हणाली. हर्षलचा पत्ता नाही, फोनही बंद. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं ती परत निघाली.

घरी न जाता ती आधी बांधावर गेली. बिळाच्या जागी माणूस उतरेल एवढा खड्डा. कुदळीनं उकरलेला, बाजूला धुरानं काळी पडलेली माती. तीन-चार खवलं इकडं तिकडं पडलेली, एकाला रक्त. कुसाबाई खाली बसली. खवलं एकेक वेचून पदरात घेतली, आणि ती वेचताना हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला. बीळ एकालाच ठाऊक होतं. आणि कधी यायचं, ते रोज सकाळी तिनंच त्याला सांगितलं होतं. स्वतःच्या तोंडानं, हौसेनं!

हर्षल दुपारी आला. शर्ट फाटलेला, तोंड उतरलेलं. दार लोटून घेत म्हणाला, "आई, गडबड झाली. गाडी नाक्यावर धरली. दोघं सापडले, मी उतरून पळालो. फॉरेस्टवाले इकडं येतील. विचारलं तर म्हण, मला काही माहीत नाही."

"जित्ता हाय का?"

"कोण?"

"तुझा बाप."

"आई, पुरे आता!" तो ओरडला. "जनावर होतं ते. मुंग्या खाणारं जनावर. बाबा मेले, आपण जाळलं त्यांना, मी अग्नी दिला. वेड्यासारखं काय लावलंयस?"

कुसाबाईनं त्याच्याकडं बघितलं. लहानपणी ताप आला की ती असंच टक लावून बघायची.

"जनावर आसंल," ती म्हणाली. "मी अडाणी, मला नाय कळत. पर ते मला कोण वाटत व्हतं, ते तुला ठावं व्हतं. हात जोडले व्हतेस तू त्याच्याम्होरं."

हर्षल म्हणाला, "तुझा एकुलता एक मुलगा आहे मी." हे मात्र खरं होतं, आणि कुसाबाईला ते लागलं. तिनं त्याला भाकरी वाढली. तो जेवला, तिथंच आडवा झाला, झोपला. ती त्याच्या उशाशी बसून राहिली. केसानं गळा कापला होता पोटच्या पोरानं, आणि तरी त्याच्या कपाळावरची माशी तिनं हातानं वारली. मग उठली, दार ओढून घेतलं आणि हरसूलची वाट धरली.

वनखात्याच्या ऑफिसात योगिनी नावाची गार्ड होती, तरणी पोर, खाकी कपड्यांतली. तिनं कुसाबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात खवल्या होता. गोल होऊन बसलेला, पाठीवर औषध लावलेलं. धरल्यापासून उकललाच नाही, योगिनी म्हणाली. कुसाबाई पिंजऱ्याजवळ बसली, हळू आवाजात काहीबाही बोलली. तो उकलला नाही. तिच्यासाठीही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याच्याशी पुढं काय बोलावं ते सुचेना.

"जगंल का?"

"जगेल, मावशी. डॉक्टर बघून गेलेत. बरा झाला की लांबच्या रानात सोडू."

"कुठं?"

"ते कोणालाच सांगत नाही आम्ही. पण तुमचा जीव एवढा आहे त्याच्यावर, तर मी साहेबांना विचारून..."

"नगं!" कुसाबाईनं तिचा हात धरला. "मला नका सांगू, बाई. पोरगा लाडानं इचारील, आन् मी सांगून बसंन."

योगिनीनं कागद पुढं ओढला. पकडलेले दोघं तिसऱ्याचं नाव सांगत नव्हते. तो मोकळा राहिला तर दुसऱ्या कोणाच्या बांधावर जाईल, म्हणाली. "तुम्हांला माहीत आहे का, मावशी? जबरदस्ती नाही."

बाहेर बाजार भरला होता. मिरच्यांचा खकाणा आत येत होता, दोघींनाही ठसका लागला. कुसाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"हर्षल," ती म्हणाली. "घरी निजलाय. हळू उठवा, दचकतो तो."

योगिनीनं लिहिलं. "वडिलांचं नाव?"

कुसाबाईच्या तोंडाला कुलूप लागलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, शाळेत हर्षलचं नाव घालताना, दर वेळी शेजारच्या कोणी तरी तिच्या वतीनं ते सांगितलं होतं. योगिनीलाही ती रीत ठाऊक होती. ती म्हणाली, "राहू द्या, आधार कार्डावरून लिहून घेईन मी."

"नगं," कुसाबाई म्हणाली. पिंजऱ्याकडं पाठ करून बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "लिव्हा. धोंडीराम."