होगल्यातला पक्षी

मला पक्ष्यांचं वेड आहे असं कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळींत बोललं जायचं, ते तितकंसं खरं नव्हतं. मला एकाच पक्ष्याचं वेड होतं. बगळ्याच्या कुळातला, पण बगळ्यासारखा मिरवणारा नव्हे. वाळक्या गवताच्या रंगाचा, कोंबडीएवढाही नसेल. इंग्रजी पुस्तकात त्याला बिटर्न म्हणतात. चाहूल लागली की तो उडत नाही. चोच आभाळाकडे करतो, मान ताणतो आणि पाणकणसांच्या रानात आणखी एक कणीस होऊन उभा राहतो. वाऱ्यानं कणसं डुलली तर त्यांच्याबरोबर जरासा डुलतोही. त्या रानाला तिकडे होगला म्हणतात.

मी पुण्याहून बदली होऊन आलेला सरकारी नोकर. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारायचे आणि संध्याकाळी ट्रामला लोंबकळत घरी यायचं, यात आपलं म्हणावं असं काही नव्हतं. एस्प्लनेडच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मला लांब भात्याचा, काचेच्या प्लेटवर फोटो काढणारा कॅमेरा मिळाला, तेव्हा ते आपलं काहीतरी मिळालं. त्या कॅमेऱ्यानं पक्ष्यांचे फोटो काढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तो तिकाटण्यावर चढवायचा, डोक्यावर काळं फडकं घ्यायचं, मागच्या दुधी काचेवर उलटं दिसणारं चित्र नीट जुळवायचं, मग प्लेट आत सरकवायची. तेवढ्यात पक्षी गावाला जाऊन परत आलेला असतो. शिवाय पहाटेच्या उजेडात झडप अंमळ उघडी ठेवावी लागे आणि तेवढ्यात त्यानं मान हलवली की प्लेटवर नुसता धूर. माझ्याकडे अशा धुराच्या पुष्कळ प्लेटा होत्या. म्हणून तर मला हा स्थिर उभा राहणारा पक्षी हवा होता. तो उभा राहील आणि मला त्याचा एक, फक्त एक, स्वच्छ फोटो मिळेल, एवढीच माझी हाव.

माझे दोन मित्र होते. एक माझ्यासारखाच बदलीवर आलेला, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, त्याच्याकडे बंदूक होती. दुसरा वकील, जन्मानं कलकत्त्याचा. घरात मराठी बोलत असला तरी भांडायला बंगाली वापरायचा. आमच्या मराठी मंडळात त्याच्याइतका विनोदी माणूस नव्हता. त्याच्या शेजारी बसायला बायकापोरं धडपडत. हिवाळ्यात रविवारी पहाटे आम्ही तिघं सियालदहला जमायचो, बजबजची गाडी पकडायचो, वाटेतल्या एका लहान स्टेशनावर उतरून बांधाबांधानं झिलाकडे, म्हणजे तिकडच्या उथळ तळ्याकडे, चालत जायचो. बँकवाला बदकं मारायचा, म्हणजे बहुतेक वेळा हवेत बार काढायचा. वकील बांधावर बसून दोघांची थट्टा करायचा. मी होगल्याच्या एका कोपऱ्यात फडक्याखाली बसून राहायचो. त्या कोपऱ्यात माझा पक्षी राहत होता. दोन हिवाळ्यांत तो मला कितीदा तरी दिसला, पण कॅमेरा जुळेपर्यंत कधी थांबला नाही. हे दोघं दर रविवारी माझ्याबरोबर येतात, थंडीत कुडकुडतात, म्हणजे यांनाही त्या पक्ष्याची ओढ आहे असं मी धरून चाललो होतो. माणूस आपल्या वेडात किती आंधळा होतो बघा.

संक्रांतीनंतरचा रविवार होता. बायकोनं डब्यात गूळपोळ्या दिल्या होत्या. धुकं इतकं की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. झिलाशी पोचल्यावर ते दोघं पुढे गेले आणि मी ओल्या बांधावर तिकाटण्याचे पाय रोवत बसलो. मध्येच बंदुकीचा बार ऐकू आला. तो नेहमीच यायचा, मी लक्ष दिलं नाही. उलट मनातल्या मनात शिव्या घातल्या की हा आता सगळी पाखरं उठवणार.

बऱ्याच वेळानं वकील चवड्यांवर चालत आला. तोंडावर बोट.

"चल. तुझा तो उभाय."

"कुठं?"

"कोपऱ्यातच. अगदी पुतळ्यासारखा. आवाज करू नको, लेका, नाहीतर पुन्हा दोन वर्षं आम्हाला इथं आणशील."

मी प्लेटांची पिशवी उचलली. बँकवाल्यानं स्वतः माझं तिकाटणं उचललं. त्यानं आजवर कधी माझ्या सामानाला हात लावला नव्हता. मला किती बरं वाटलं ते काय सांगू. त्यांनी मला एका जागी उभं केलं आणि पुढे जाऊ दिलं नाही. "इथूनच घे, जवळ गेलास तर उडेल." मी फडक्याखाली शिरलो. दुधी काचेवर, डोकं खाली पाय वर, तो उभा होता. चोच सरळ, मान ताणलेली, होगल्याच्या दोन पात्यांच्या मधोमध. वारा पडला होता. काही म्हणजे काही हलत नव्हतं. मी एक प्लेट घेतली. श्वास सोडला. दुसरी घेतली. तरी तो तसाच. आणखी एक घ्यावी म्हणून पिशवीत हात घातला तर वकिलानं माझा हात धरला.

"बास झालं. आता त्याला त्रास देऊ नको. चल."

मला ते पटलं. इतका वेळ आपल्यासमोर उभा राहिलेल्या जीवाला आता मोकळं करावं, हे मला फार सुसंस्कृत वाटलं. आम्ही पावलं न वाजवता मागे फिरलो. बँकवाला काहीतरी विसरलं म्हणून एकटाच परत गेला आणि थोड्या वेळानं धावत आला.

परतीच्या गाडीत आम्ही गूळपोळ्या खाल्ल्या. त्या दोघांना हसू आवरत नव्हतं. एकमेकांकडे बघायचे की फुटायचे. मला वाटलं, हे माझ्यासाठी खूश आहेत. मीही हसलो. खरं तर सगळ्यात मोठ्यानं मीच हसत होतो, डब्यातले लोक बघत होते. सियालदहला उतरल्यावर मी त्यांना संदेश खाऊ घातला, वकिलाच्या गळ्यात पडलो आणि म्हणालो, "तुम्ही नसतात तर हे झालं नसतं." त्यावर तर बँकवाल्याला ठसकाच लागला.

संध्याकाळी न्हाणीघराला चादरी लावून, लाल दिव्याखाली मी प्लेट धुतली. चित्र वर येऊ लागलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर नव्हता. गळ्यावरची रेघन्‌रेघ, पंखाची कडन्‌कड दिसत होती. बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "अगंबाई, आता उडेल असं वाटतं." तिनं तो फोटो मोठा करवून घेतला, चौकटीत बसवला आणि बैठकीत, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा लावला. आमच्याकडे माझं असं भिंतीवर लावलेलं पहिलंच काही होतं.

फोटोग्राफीची हौस असणाऱ्यांची एक संस्था होती, तिच्या पावसाळी प्रदर्शनात मी तो पाठवला. तिथल्या एका वयस्कर बंगाली गृहस्थांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि "चमत्कार!" म्हणाले. आपल्यासारखं नव्हे, बंगालीत त्याचा अर्थ फार सुंदर असा होतो. मग म्हणाले, "श्वाससुद्धा घेत नाही असं वाटतं." मला मानपत्र मिळालं. ऑफिसात साहेबांनी बोलावून हात मिळवला. मी चालताना जरा ताठ चालायला लागलो, हे बायकोनंच मला सांगितलं.

मग गणपती आले. मंडळानं भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये शेवटच्या दिवशी आरती झाली की शेलापागोट्यांचा कार्यक्रम असे. एकेकाला स्टेजवर बोलवायचं, त्याच्या खोडीवर दोन ओळी वाचायच्या आणि हातात एखादी वस्तू द्यायची. उशिरा येणाऱ्याला मोडकं घड्याळ, बडबड्याला कुलूप, अशी. घरापासून इतक्या दूर राहिलेल्या लोकांना ते फार आवडायचं. वर्षभराची भडास तिथं निघायची. एक नियम मात्र कडक होता. रागवायचं नाही. रागावला तो खिलाडू नाही, आणि मग पुढच्या गणपतीपर्यंत तेच ऐकायचं. ओळी वकीलच रचायचा.

त्यानं माझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. मला वाटलं, मानपत्राबद्दल असेल. मी हसत वर गेलो. त्यानं घसा साफ करून वाचलं:

धन्य तुमची साधना, पक्षी जागचा हलेना,
तार काढून घेतली तर उभाच राहीना!

लोकांना कळेना. मलाही कळेना. मग त्यानं माझ्या हातात एक पुडी ठेवली. उघडली तर आत लोखंडी तार, वेडीवाकडी वळवलेली, टोकाला गवताच्या रंगाचं एक बारीक पीस चिकटलेलं. आणि तो सांगू लागला. बँकवाल्यानं पक्षी कसा टिपला, पिशवीचं तोंड बांधायची तार मानेतून कशी घातली, ती होगल्याला कशी बांधली, दोनदा तो कसा कलंडला. तो फार छान सांगायचा. बँकवाला खाली पहिल्या रांगेत पोट धरून हसत होता. मी फडक्याखाली श्वास रोखून कसा उभा होतो याची वकिलानं नक्कल केली, तेव्हा हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. बायकांच्या बाजूला कुठलंसं पोर आईला विचारत होतं, "म्हणजे मेलेला होता?"

मी हसलो. हातात तार घेऊन स्टेजवर उभा असलेला माणूस आणखी काय करणार? हसता हसता मला ती गाडी आठवली, गूळपोळ्या आठवल्या, ठसका आठवला. तेव्हा ते कशाला हसत होते ते आत्ता कळलं. आणि मी त्यांच्या बरोबरीनं हसलो होतो. पक्षी मारला त्याचा राग नंतर आला. आधी आली ती नुसती शरम.

जिन्यात वकिलानं मला गाठलं. "राग मानलास?"

"का केलंत हे?"

"अरे, का म्हणजे? दोन वर्षं आमचे रविवार गेले तुझ्या त्या पाखरापायी. घरी मटण वाट बघतंय आणि आम्ही चिखलात. म्हटलं, एकदाचा मिळू दे फोटो याला. मिळाला की नाही? मानपत्रसुद्धा मिळालं." मग खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं म्हणाला, "पण कमाल आहे हं तुझी. दोन वर्षं बघतोयस, तुला कळलं कसं नाही?"

बंदूक चालवणाऱ्याला मी एक वेळ माफ करीन, हा प्रश्न विचारणाऱ्याला नाही.

घरी येऊन मी मूळ प्लेट काढली, खिडकीशी धरली आणि भिंग लावलं. पिसं, चोच, रेघा, सगळं जागच्या जागी. डोळा मात्र खोल गेलेला, त्यात उजेडाचा ठिपका नाही. इतक्या लोकांनी तो फोटो वाखाणला, पण डोळ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. मी तर नाहीच.

मानपत्र परत करायला संस्थेत गेलो. त्याच वयस्कर गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "नियमांत पक्षी जिवंत असावा असं कुठं लिहिलेलं नाही. फोटो उत्तमच आहे." मानपत्र त्यांनी माझ्याच पिशवीत पुन्हा घातलं. घरी बायकोनं चौकट उतरवायला नकार दिला. "तुम्ही तर फसवलं नाहीत ना कोणाला?" एवढंच म्हणाली. ती माझ्या बाजूनं बोलत होती, मला ठाऊक आहे, पण रोज बैठकीत बसून मला तो डोळा दिसायचा. मित्रांशी मी भांडलो नाही. रविवारी सकाळी कामं निघू लागली, एवढंच. त्यांनाही ते सोयीचं झालं.

पुढच्या हिवाळ्यात मी एकटाच बजबजच्या गाडीत बसलो. माझा कोपरा रिकामा होता, रिकामाच असणार. तरी दर रविवारी जात राहिलो. आणि एका सकाळी, धुकं विरत असताना, कोपऱ्याच्या जरा पलीकडे दुसरा एक बिटर्न उभा दिसला. मी कॅमेरा जुळवला. तो थांबला. दोन हिवाळे ज्याची वाट पाहिली तेच सगळं समोर होतं. चोच आभाळाकडे, मान ताणलेली, वारा पडलेला. प्लेट आत घातली. आता फक्त झडप उघडायची होती.

माझा हात पुढे होईना. मी दुधी काचेत त्याच्या मानेशी तार शोधत होतो. तो हलण्याची वाट बघत होतो. डोळ्यात उजेड आहे का ते दिसत नव्हतं. बांधावर माझ्याखेरीज कोणी नव्हतं, तरी मी मागे वळून पाहिलं, कोणी तोंडावर बोट ठेवून उभं आहे का म्हणून. पुन्हा फडक्याखाली शिरलो. तो तसाच उभा.

शेवटी मी बाहेर आलो, पायाशी पडलेलं मातीचं ढेकूळ उचललं आणि त्याच्या दिशेनं फेकलं.

तो उडाला. पाय लोंबकळत ठेवून झिलावरून दूर निघून गेला. जिवंत होता.

मी प्लेट कोरीच काढून घेतली आणि तिकाटणं मिटलं.