पापणी मिटवणारा पापुद्रा

प्रयोगशाळेत तिला सगळे पापुद्राताई म्हणायचे आणि तिलाही ते नाव आवडायचं. रबराचं रसायनशास्त्र शिकून तिने काही वर्षं हातमोज्यांच्या कारखान्यात काढली होती. आता ती कृत्रिम स्नायू बनवणाऱ्या गटात होती. सिलिकॉन रबराच्या पडद्याला दोन्ही बाजूंनी वीज वाहणारा लेप देऊन वीज लावली, की पडदा चेपून पसरतो. वीज काढली की आखडतो. पण जाड पडद्याला हजारो व्होल्ट लागतात, आणि ते माणसाच्या अंगाजवळ नेणं म्हणजे जिवाशी खेळ. पडदा जितका पातळ, तितके व्होल्ट कमी. म्हणून ती रात्रंदिवस पातळपणाच्या मागे लागलेली.

घरी सासऱ्यांच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली होती. ते पेशाने शिंपी. उजवी पापणी मिटेना. डोळा कोरडा पडून चुरचुरे, शिवण दिसेना. डाव्या डोळ्याची उघडझाप चालू आणि उजवा टक्क उघडा, त्यामुळे गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारा डोळा मारतोय. सासूबाई म्हणत, उभ्या संसारात मला कधी मारला नाही, आता गावभर वाटत सुटलेत.

प्रयोगशाळेत घोडं अडलं होतं ते पडदा सोडवण्यापाशी. काचेवरून सोलायला जावं तर फाटे, नाहीतर स्वतःलाच चिकटून त्याचा गोळा होई. गटाचे प्रमुख असलेल्या सरांनी सुचवलं म्हणून पडद्याखाली पाण्यात विरघळणारा थर दिला. पडदा सुटून पाण्यावर छान तरंगला, पण चौकटीवर उचलताना सुरकुत्या पडल्या. श्वास रोखूनही हात हलायचाच.

एकदा तशीच हात आवरून उभी असताना ती म्हणाली, "सर, आपण पडदा उचलायलाच नको. चौकट तळाशी ठेवू आणि पाणीच हळूहळू खाली नेऊ."

सर स्वतःच पाणी काढायची नळी शोधायला निघाले.

पडदा चौकटीवर अलगद टेकला, एकही सुरकुती नाही. तरी त्या पडद्याची पहिली पट्टी वीज लावताच जळाली. धुळीच्या एका कणाने भोक पाडलं होतं आणि तिथेच ठिणगी उडाली. मग साऱ्या गटाने खोलीची अशी झाडलोट केली की लग्नघरही मागे पडावं. थरावर थर चढवून शेवटी हलक्या बॅटरीवर चालणारी पट्टी तयार झाली. ती चष्म्याच्या काडीवर बसे आणि आखडली की पापणीला चिकटवलेल्या बारीक धाग्याने ती खाली ओढी.

रुग्णालयाने चाचणीसाठी माणसं निवडली, त्यांत सासरेही होते. घरचा माणूस म्हणून तिने यंत्राला हात लावला नाही. डॉक्टरीणबाईंवर सोपवून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

पापणी अर्ध्यावर थबकली. बाईंनी धागा किंचित सरकवला. मग ती पूर्ण मिटली.

"या बाजूला अंधार झाला," सासरे शांतपणे म्हणाले. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी त्यांचा हात धरला.

पट्ट्या अजून लवकर थकतात, बदलाव्या लागतात. सासऱ्यांची तक्रार वेगळीच: धाग्याची गाठ शिंप्याला शोभत नाही, ती मी मारून देतो. सरांनी ती गाठ शिकून घेतली.

चष्मा घरी न्यायला मिळाला त्या दिवशी सासऱ्यांनी नेहमीचा रस्ता सोडून पुलावरून जायचा हट्ट धरला. उघड्या डोळ्याला तिथला वारा सोसेना, म्हणून तिकडे फिरकणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

"बाबा, वारा आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच तर," म्हणत ते पुढे झाले. तिला त्यांच्या मागे पळावं लागलं.