कॉर्नेटच्या वाटणीची जागा

आमचे हे लढाईवरून परत आले ते खांद्यावर एक लांबट काळी पेटी घेऊन. माण तालुक्यातल्या आमच्या गावात लढाईवरून येताना कुणी घड्याळ आणलं होतं, कुणी कांबळं. यांनी ट्रॉम्बोन आणला. पितळेचा, पुढंमागं सरकणाऱ्या लांब नळीचा. सासूबाईंनी तो निरखून पाहिला आणि विचारलं, "ह्ये कुठं जोडायचं?" त्यांना वाटलं, मोटेचं काहीतरी असावं.

यांना पलटणीच्या बँडात घेतलं ते हात लांब म्हणून. बँडात यांच्या शेजारी उभा राहायचा तो शेजारच्या गावचा, यांच्याबरोबरच भरती झालेला दोस्त. तो कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे छातीशी धरण्याएवढं पितळी वाद्य. सुटीवर आल्यावर आमचं लग्न झालं, तेव्हा हा दोस्तही आला होता. पण मी खाली मान घालून बसलेली. मला दिसले ते फक्त त्याचे बूट.

पुढं पलटण लढाईला इटलीत गेली. तिथं बँडवाल्यांची वाद्यं मागं तळावर ठेवून घेतली आणि त्यांच्या हातात स्ट्रेचर दिली. जखमी उचलून आणायचे. पुढचे दांडे दोस्ताच्या हातात, मागचे यांच्या. मधे एका गावात पलटण विसाव्याला थांबली, तिथं अमेरिकेच्या काळ्या शिपायांचा बँड होता. त्यांचं वाजवणं यांनी पहिल्यांदा ऐकलं. हे सांगायचे, "त्यास्नी कागद लागत न्हाई. एकजण सवाल टाकतो, दुसरा तिथल्या तिथं जवाब देतो. आपल्या तमाशातल्यावानी. जॅझ म्हणत्यात त्याला." मग दोघं रोज त्यांच्यात जाऊन बसले, त्यांचीच वाद्यं मागून घेऊन. ट्रॉम्बोननं सवाल टाकायचा, कॉर्नेटनं जवाब द्यायचा. पुढं पलटण पुन्हा डोंगरात चढली. एका सकाळी दोस्ताचा पाय सुरुंगावर पडला. तो जागीच गेला, आणि मागच्या दांड्याशी असलेल्या यांच्या मांडीत चार ठिकऱ्या शिरल्या, एवढंच. हा ट्रॉम्बोन मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन शिपायानं यांच्या हातात ठेवला होता.

हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. आधी मला दिसलं ते इतकंच, की हे माळावर जाऊन मेंढरांच्या वाड्याजवळ वाजवत बसतात, आणि वाजवता वाजवता थांबतात. ओठांवरून वाद्य काढायचे, मान जराशी डावीकडं कलवायचे, पाय ताल देत राहायचा. मग मान हलवून हसायचे आणि पुन्हा सुरू. एकदा भाकरी घेऊन गेले तेव्हा मी विचारलं, "आवं, मधीच का थांबता?"

"थांबतोय कुठं?" हे म्हणाले. "त्यो वाजवतोय न्हवं."

भर दुपार होती. मी भाकरी ठेवली आणि मागं न बघता घरी आले.

सासूबाईंनी अंगारे केले, देवऋषी आणला. यांनी मुकाट्यानं सगळं करून घेतलं. बाकी माणूस चांगला होता. खायचा, बोलायचा, कामाला वाघ. फक्त दोस्ताच्या गावाकडं जायचा नाही. बाजाराला जायचं तर लांबच्या वाटेनं जायचा. दोस्ताची आई विधवा होती, एकटीच होती. तिला सरकारी तार आली होती, बाकी काही आलं नव्हतं.

मग पलटणीतल्या कुणीतरी महाबळेश्वरच्या एका हॉटेलात यांना लावून दिलं. तिथं साहेब लोक दुपारच्या चहाला नाचायचे आणि बँड वाजायचा. पियानो, व्हायोलिन, सॅक्सोफोन, ड्रम, आणि आता ट्रॉम्बोन. मीही गेले. आम्हाला मुदपाकखान्यामागची खोली मिळाली. बँडचे मास्तर गोव्याचे, म्हातारे. पहिल्याच आठवड्यात ते खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, तुमच्या नवऱ्यासारखा ट्रॉम्बोन मी मुंबईतही ऐकला नाही. पण तो मधे जागा सोडतो. नाचणारे थबकतात."

"त्यांचा दोस्त लढाईत गेला," मी सांगितलं. "ती जागा त्याची हाय म्हणतात."

मास्तरांनी छातीवर क्रूसाची खूण केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सॅक्सोफोनवाल्याला ती जागा भरायला सांगितली, तर यांनी वाद्य खाली ठेवलं आणि हॉलबाहेर जाऊन बसले. त्यानंतर मास्तरांनी नाद सोडला. ती जागा आली की ते स्वतः पियानोवर डाव्या हातानं नुसता ठेका धरायचे. साहेब लोकांना तेही आवडू लागलं.

हंगाम संपत आला होता. हॉटेल निम्मं रिकामं, खिडक्यांतून धुकं थेट आत येत होतं. तालमीच्या वेळी मी हॉलच्या मागच्या दाराशी तांदूळ निवडत बसले होते. यांनी सवाल टाकला आणि थांबले. पियानोचा ठेका चालू राहिला. आणि त्या ठेक्यावर मला एक आवाज ऐकू आला. बारीक, गोड, थोडा घोगरा, लांबून आल्यासारखा. मी मान वर केली. सॅक्सोफोन मांडीवर पडलेला, व्हायोलिन खाली. कुणीच वाजवत नव्हतं. मास्तर खाली मान घालून ठेका धरत होते आणि हे डावीकडं मान कलवून हसत होते.

मी कुणाला बोलले नाही. धुक्यात कान वाजतात असं स्वतःला सांगितलं.

पुढं साहेब लोक गेले, मागोमाग दारूबंदी आली, नाचाचे बँड बंद पडत चालले. आम्ही सांगलीला आलो. लग्नात वाजवणाऱ्या एका बँडात यांना जागा मिळाली. पहिल्याच दिवशी त्या बँडातला एकजण आमच्या दारात उभा राहून वाजवू लागला, आणि मी पिठाच्या हातांनी बाहेर धावले. महाबळेश्वरच्या धुक्यातला तोच आवाज.

"ह्याला काय म्हणायचं, भावजी?"

"कॉर्नेट, वहिनी. कधी ऐकलं न्हाई व्हय?"

ऐकलं नव्हतं. त्या दिवसाआधी कॉर्नेट माझ्या कानावर कधीच पडलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात दोस्ताची आई आमचं घर विचारत आली. वाळलेली बाई, पायात चपला नाहीत. हे उभेच राहिले. ती उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "तू काय येत न्हाईस. म्हनून मीच आले. माझं पोरगं तुझ्यासंगं वाजवायचं म्हनं. मला कुणी ऐकवलं न्हाई."

यांनी पेटी उघडली. सवाल टाकला, थांबले, मान कलवली. घरात आम्हा तिघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. म्हातारी वाट बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "मला काय बी ऐकू येत न्हाई रं बाळा."

यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.  मग यांनी वाद्य पुन्हा उचललं आणि जवाब स्वतःच वाजवला. जाड्या नळीतून ती बारीक चाल नीट निघेना. दोनदा मोडली. तिसऱ्यांदा पुरी झाली.

"आसं वाजवायचा व्हय," म्हातारी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "लय चांगलं वाजवायचा."

तिला दुपारच्या गाडीत बसवून हे तसेच कृष्णेवर गेले. कपड्यानिशी पाण्यात बुडी मारली आणि ओलेच घरी आले. मयताची बातमी आज आल्यासारखे. मी पाट मांडला. घास हातात धरून हे म्हणाले, "त्यो गेला."

तेव्हापासून यांचं वाजवणं अखंड झालं. बँडातली माणसं म्हणायची, यांचा हात आता कुठं मोकळा झाला. मीही हो म्हणायचे. पण घरात हे वाजवायला बसले की मला करमायचं नाही. रोजचा पाहुणा न सांगता उठून गेल्यासारखं वाटायचं, आणि मी काहीतरी काम काढून बाहेर जायचे.