कपातला चहा
मळीचा वास आला की कराडजवळच्या साखर कारखान्यातली ती मीटिंग आठवते. विषय होता, गाळप सारखं का थांबतं. सगळे खातेप्रमुख आत, फोन बाहेर. मिलच्या हादऱ्यानं कपातला चहा कायम थरथरायचा. मोठे साहेब बोलत असताना तो एकाएकी स्थिर झाला. सगळ्यांनी पाहिलं, हललं कुणीच नाही. शेवटी चीफ इंजिनिअर उठले. "आवं साहेब, मिल थांबली!" "बसा. आधी माझा मुद्दा संपू द्या." ते खुर्चीच्या टोकावर बसले. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांचे हॉर्न वाजायला लागले, तसा साहेबांनी आवाज चढवला. आता सांगलीच्या ऑफिसात मीटिंग सुरू झाली की माझी नजर आधी कपाकडे जाते. इथला चहा कधीच हलत नाही. बाहेर काय बंद पडलंय, ते कळायला मार्गच नाही.