खंड्याची फेरी

गोटीरामने उभा जन्म पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहिल्या. सकाळी पाठ आखडलेली असायची, पहिल्या गोणीला डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, मग अंग तापलं की सगळं मोकळं. दुखतं म्हणून बसणाऱ्याला तो माणसात धरत नसे.

म्हणून म्हातारा खंड्या मागचे पाय ओढू लागला, तेव्हा त्याला कुत्र्याची कीव आली नाही. राग आला.

सून निकिता खंड्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन आली. सांधे झिजलेत, म्हणाली. वजन उतरवायचं, अंगाखाली जाड गोणपाट, जेवणानंतर गोळी, सपाटीवर थोडंसंच चालवायचं. चढ आणि उडी बंद.

"म्हणजे पेन्शनीत निघाला," गोटीराम म्हणाला.

"नाना, त्याला खरंच दुखतंय."

"मग वरडत का नाय?"

दुसऱ्या दिवसापासून तो खंड्याला काठीने ढोसून उठवू लागला. मळ्याच्या बांधापर्यंत फेरी. खंड्या आधी खुरडायचा, बांध येईतो बरा चालायचा. गोळीने दुखणं दबलं होतं. गोटीरामला वाटलं, काठीने अंग मोकळं झालं. त्याने फेरी वाढवली.

"अहो, ते कुत्रं हाय, तुमच्या टोळीतला हमाल नाय," त्याची बायको सखुबाई करवादली.

"हमाल असता तर कवाच हाकलला असता."

एका सकाळी दारात टेम्पो लागला होता. माल चढवायला फळी टाकलेली. गोटीरामने खंड्याला फळीवर घातलं. "चढ!" खंड्या चढला. त्याने उतरवून पुन्हा चढवलं. या खेपेला मागचा पाय सरकला, खंड्या फळीच्या कडेवरून खाली पडला आणि पहिल्यांदाच ओरडला.

गुडघ्यातले अस्थिबंध तुटले होते. या वयात, असल्या सांध्यांवर ऑपरेशन झेपायचं नाही, डॉक्टर म्हणाले. तो आता त्या पायावर उभा राहणार नाही.

गोटीरामने काम अंगावर घेतलं. पोटाखालून गोणपाट घालायचं, दोन्ही टोकं धरून मागचा भाग उचलायचा, लघवीला न्यायचं. धक्का न देता वजन कसं उचलावं हे त्याला शिकवायला नको होतं.

पण तो जवळ आला की खंड्या उठायला बघायचा. चपलेचा आवाज आला, की कान पडायचे, पुढचे पंजे फरशीवर घासायचे, निकामी पाय अंगाखाली दुमडायचा. तोंडातून आवाज नाही. निकिता किंवा सखुबाई आली तर तो निवांत पडून असायचा.

"नाना, तुम्ही ओसरीवर येऊच नका," निकिता म्हणाली. "तुम्हाला बघून उठतो तो."

"बस म्हणलं तर बसंल की."

तो वाकला. "बस, खंड्या. बस रे."

हा शब्द त्याने कुत्र्याला कधी शिकवलाच नव्हता. खंड्याला फक्त आवाज ओळखीचा होता. त्याने जोर लावला, थरथरत छाती उचलली आणि तोंडावर आपटला. पुन्हा उचलू लागला.

"जा ना इथून!" सखुबाई ओरडली.

गोटीराम मागे सरला. तेव्हापासून तो मागच्या दाराने येतो, घरात मोठ्याने बोलत नाही.