लताबाईंनी कॉम्प्युटरपुढे घट बसवला

हां, तर लताबाईंनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरची वायर उपटली, तिथवर काल आलो होतो. आमच्या गावातल्या द्वारका चौकाजवळ त्यांचं दुकान. नव्वदीत एसटीडी बूथ होता. फोनच्या रांगा आटल्या तसा बाईंनी इंटरनेट कॅफे काढला. इंग्रजी जेमतेम, पण गिऱ्हाईक अडलं की खांद्यावरून वाकून बटण दाबून देणार! मी रोज तिथे पेपर वाचायला जायचो, फुकट.

साल दोन हजार चार. फौजदार गोरक्ष आले नि म्हणाले, "बाई, या मशीनवरून कुणीतरी परदेशात धमकीची मेल धाडलीय, तीही तिथल्याच एका मास्तरीणबाईंच्या नावानं. नोकरी गेली बिचारीची. खरं काय ते यातच आहे, पण चालू केलंत तर खुणा पुसतील."

"मग न्या की उचलून!"

"कागदाशिवाय कसं नेऊ? तो तिकडून दिल्लीला, दिल्लीहून मुंबईला, मग आमच्याकडे. दोन देशांच्या कायद्यांची अजून नीट ओळखपाळख व्हायचीय."

म्हणून ती वायर उपटलेली. पण बाईंचा दीर दिनेश ऐकेना. चॅटिंगवाली पोरं दारात ताटकळलेली. "कोण कुठली मास्तरीण, नि तिच्यासाठी आपण धंदा बुडवायचा?" असं पुटपुटत तो सारखा वायरीकडे वळायचा.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. बाईंनी काय करावं? त्याच टेबलावर, कॉम्प्युटरच्या पुढ्यात, पत्रावळीवर माती पसरून घट बसवला! मॉनिटरवरून झेंडूची माळ सोडली. आता हात लावायची दिनेशची काय टाप?

"वहिनी, देवीलाही मेल बघायची असते का हो?"

"असते. तू आधी चपला काढ."

नवमीला कागद आला. दसऱ्याला घट उठला, आणि गोरक्ष घटात उगवलेलं कोवळं धन कानावर खोवून, मशीन पोटाशी धरून जीपमध्ये बसले. काय ते ध्यान! पण खुणा जशाच्या तशा सापडल्या आणि मेल धाडणारा पकडला गेला.

पुढे परदेशातल्या अधिकाऱ्याचा फोन आला. गोरक्षांनी त्याचा प्रश्न मराठीत केला, "बाई, ते विचारतायत, कागद येईपर्यंत मशीन तुम्ही कुठल्या कायद्यानं जपून ठेवलंत?"

लताबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "घट बसला की टेबल हलवायचं नाही, एवढं आईनं शिकवलंय, कायदा त्यांचा त्यांनी शोधावा. त्यांना म्हणावं, ते राहू दे, त्या मास्तरीणबाई परत वर्गावर गेल्या का, ते आधी सांगा."